घरामागे स्विमिंग पूल: खर्च किती आणि प्रॉपर्टी टॅक्स कितीने वाढतो?

ओंजळ | ६ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही फ्रिस्कोला राहतो, डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीच्या बाजूला. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. उन्हाळ्यात जून ते सप्टेंबर इथे बाहेर पाय ठेवायची सोय नसते हे टेक्सासवाल्यांना सांगायला नको, त्यामुळे गेली तीन वर्षं घरात एकच विषय, मागे पूल करूया. आता खरंच कोटेशन घेतलंय. १५ बाय ३० फुटांचा गुनाइटचा (फवारलेल्या काँक्रीटचा) पूल, बाजूला छोटा स्पा, थोडं डेकिंग, ९४ हजार डॉलर. बिल्डर म्हणतो डिसेंबरात सही केलीत तर लाइटिंग फुकट आणि लगेच खोदाई सुरू.

माझी काळजी टॅक्सची आहे. आमच्याकडे शाळा, शहर, काउंटी, कॉलेज सगळं धरून १.७ टक्क्यांच्या आसपास दर आहे. ९४ हजारांवर तो लावला तर वर्षाला सोळाशे डॉलर होतात आणि ते कायमचे. बिल्डरचा माणूस म्हणाला तुम्हाला होमस्टेड कॅप, म्हणजे स्वतःच्या राहत्या घराची टॅक्सची मर्यादा आहे ना, मग वर्षाला दहा टक्क्यांच्या वर व्हॅल्यू वाढूच शकत नाही, टॅक्सची काळजी सोडा. नवऱ्याला हे पटलंय, मला पटत नाहीये. ज्यांनी पूल केलाय त्यांनी खरे आकडे सांगाल का? टॅक्सचेही आणि बाकीचेही.

केटीकर | ६ डिसेंबर

ओंजळताई, तुमची शंका बरोबर आहे, त्या माणसाने अर्धवट सांगितलंय. दहा टक्क्यांची कॅप आहे ती जुन्या घरावर. नवीन बांधलेलं जे काही असेल, म्हणजे पूल, वाढीव खोली, कव्हर्ड पॅटिओ, त्याची मार्केट व्हॅल्यू त्या वर्षी कॅपच्या बाहेरून वर चढते. पुढच्या वर्षापासून मग पूलसकट सगळं मिळून कॅपखाली येतं.

पण तुमचा दुसरा हिशोबही चुकतोय, आणि तो तुमच्या फायद्याचा चुकतोय. टॅक्स पूलच्या खर्चावर लागत नाही, पूलमुळे घराची किंमत जेवढी वाढली असं टॅक्ससाठी घरांच्या किमती ठरवणाऱ्या अप्रेझल डिस्ट्रिक्टला वाटतं तेवढ्यावर लागतो. मी ह्यूस्टनजवळ केटीला, पूलला ८८ हजार घातले, रेकॉर्डवर आले ४१ हजार. आमचा दर मडसकट २.८ टक्के असल्यामुळे साडेअकराशे डॉलर वाढले. मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, नवीन वसाहतीत पाणी-ड्रेनेजच्या बाँडचे पैसे ह्या नावाने वसूल होतात.

सई_हिशोब | ६ डिसेंबर

मी सीपीए (इथली सीए) आहे, प्लेनोत राहते. केटीकरांचं बरोबर आहे, फक्त आकडे घालून दाखवते म्हणजे कॅपचा घोळ कायमचा जाईल.

समजा तुमच्या घराची मार्केट व्हॅल्यू ६ लाख ४० हजार आहे, पण कॅपमुळे टॅक्स लागतो ५ लाख ६० हजारांवर. पूल नसता तर पुढच्या वर्षी ही ५ लाख ६० ची रक्कम जास्तीत जास्त ६ लाख १६ हजार झाली असती. पूलचे ४० हजार धरले गेले तर ६ लाख ५६ हजार. पुष्कळ लोकांना वाटतं की मार्केट आणि कॅपमध्ये एवढं अंतर आहे तर पूल त्या अंतरात सामावून जाईल. तसं होत नाही, तो सरळ वर बसतो.

अजून एक. शाळेच्या टॅक्ससाठी होमस्टेडची सूट आता १ लाख ४० हजार झालीये, २०२३ ला ४० हजारांची १ लाख झाली होती आणि ह्या नोव्हेंबरच्या मतदानात १ लाख ४०. पण ती ठरावीक रक्कम आहे आणि तुमच्या घरावर ती आधीच पूर्ण वापरली गेलीये, म्हणून पूलच्या वाढीव व्हॅल्यूला त्यातून काही मिळत नाही. काही शहरं आणि काउंट्या टक्क्यांत सूट देतात, तिथे किंचित कमी लागेल. म्हणजे ४० हजार गुणिले १.७ टक्के, ६८० डॉलर वर्षाला, असं धरून चाला. सोळाशे नाही.

ओंजळ | ६ डिसेंबर

खूप खूप आभार दोघांचे. सईताई, हे उदाहरण मी नवऱ्याला वाचून दाखवलं. ६८० म्हणजे महिन्याला साठच्या आत, तेवढं जमेल. मग डिसेंबरची ऑफर घ्यावी का?

डोंगरवाट | ७ डिसेंबर

ऑस्टिनहून लिहितोय. डिसेंबरबद्दल थांबा जरा. टेक्सासमध्ये मालमत्तेची किंमत १ जानेवारीला जशी असेल तशी धरतात. त्या दिवशी पूल पूर्ण असेल तर पूर्ण, अर्धा असेल तर जेवढं काम झालंय तेवढ्याचं मूल्य, आणि नुसतं गवत असेल तर त्या सबंध वर्षाचं काहीच नाही, मग तुम्ही पूल मार्चमध्ये का भरेना. आम्ही २०२१ ला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खोदाई सुरू केली, मे मध्ये पोरं पाण्यात होती आणि रेकॉर्डवर पूल आला २०२२ च्या नोटिशीत.

सई_हिशोब | ७ डिसेंबर

तारखेचं बरोबर आहे, पण तिचं महत्त्व किती तेही बघा. ह्यांची खोदाई १५ डिसेंबरला झाली आणि १ तारखेपर्यंत लोखंड बांधून गुनाइट मारून झालं असं धरलं, तरी काम चाळीस टक्के. ४० हजारांचे चाळीस टक्के १६ हजार, त्यावर एका वर्षाचे २७२ डॉलर. तेवढ्यासाठी चांगला बिल्डर हातचा घालवू नका आणि फुकट लाइटिंगसाठी घाईने सहीही करू नका. ज्यांचा पूल डिसेंबरच्या शेवटी पूर्ण होणार असतो त्यांनी मात्र खरंच विचार करावा, त्यांना पूर्ण वर्षाचा टॅक्स पडतो आणि पोहायला कोणी नसतं.

खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. ओंजळ, पैसे कुठून आणणार आहात?

ओंजळ | ७ डिसेंबर

होम इक्विटी लोन. घर ६ लाख ४० चं आहे (तुमचं उदाहरण अगदी आमच्याच घराचं निघालं), कर्ज ३ लाख ९५ हजार बाकी. बँकेने १५ वर्षांसाठी ८.२५ टक्के सांगितलेत.

सई_हिशोब | ७ डिसेंबर

टेक्सासमध्ये होम इक्विटी लोन काढताना घरावरची सगळी कर्जं मिळून घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, तुमचे ५ लाख १२ हजार होतात, म्हणजे १ लाख १७ हजारांपर्यंत मिळू शकेल. बसतंय. पण ९४ हजारांना महिन्याचा हप्ता साधारण ९१२ येतो आणि पहिल्या वर्षी नुसतं व्याजच साडेसात हजारांच्या वर जातं. त्याच्यासमोर तुमचे टॅक्सचे ६८० ठेवून बघा.

व्याजाला वजावट मिळू शकते कारण हे कर्ज त्याच घराच्या सुधारणेसाठी आहे, गाडी घ्यायला काढलं असतं तर नसती मिळाली. घरपट्टीही वजावटीत येते, राज्य आणि स्थानिक करांची १० हजारांची मर्यादा २०२५ पासून ४० हजार झालीये, खूप मोठ्या उत्पन्नाला ती कमी होत जाते. पण हे सगळं तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवत असाल तरच. जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी ठोक वजावट) २०२५ साठी ३१,५०० आहे, त्याच्या पुढे बेरीज जात नसेल तर ह्या वजावटींचा उपयोग शून्य.

पूलच्या सगळ्या पावत्या जपून ठेवा, घर विकताना तो खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो.

वांगीभात | ७ डिसेंबर

आम्ही मॅककिनीत, तुमच्यापासून वीस मिनिटांवर. ९४ हजार हा आकडा डोक्यातून काढा ताई, कोटेशनमध्ये काय नाही ते वाचा. आमचं ८१ होतं, झाले १ लाख २ हजार. कुठे गेले ते सांगते, खोदलेली माती ट्रकने उचलून न्यायचे वेगळे, स्प्रिंकलरच्या लाइनी उचकटून परत टाकायचे वेगळे, इलेक्ट्रिकचा सबपॅनल, हीटरला गॅसची लाइन, मशीन आत यायला कुंपणाचे दोन भाग काढले ते परत बसवणं, फाटक आपोआप बंद होणारं आणि कडी आपोआप लागणारं हवं म्हणून तेही नवीन. शेवटी बागेची जी वाट लागते तिचे चार हजार.

आपल्याकडची काळी माती तर विचारूच नका. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या. खोदाईच्या दुसऱ्या दिवशी रात्री पाऊस झाला, सकाळी बघते तर खड्ड्याची एक कड आत ढासळलेली आणि बुटाला माती अशी चिकटत होती की पाय उचलेना, कोल्हापूरकडच्या उसाच्या शेतात चालल्यासारखं. इंजिनिअरने पिअर्स (पूलखाली खोलवर घातलेले काँक्रीटचे खांब) घ्यायला लावले, ते सहा हजार. तुमच्या कोटेशनमध्ये पिअर्स आहेत का विचारा आणि नसले तर का नाहीत हेही विचारा.

डोंगरवाट | ७ डिसेंबर

मातीचं तुमच्याकडे, आमच्याकडे दगडाचं. ऑस्टिनच्या पश्चिमेला फूटभर खाली चुनखडक लागतो. करारात रॉक क्लॉज असतो, कठीण खडक लागला तर ताशी पैसे वेगळे. आम्हाला दोन दिवस हॅमर लावावा लागला, ६,४०० डॉलर.

पाण्याचंही एक सांगतो कारण हे कोणीच सांगत नाही. बऱ्याच शहरांत सांडपाण्याचं बिल हिवाळ्यातल्या पाण्याच्या वापराच्या सरासरीवरून ठरतं आणि मग वर्षभर तेच लागतं, हिवाळ्यात बागेला पाणी लागत नाही म्हणून तो वापर घरातला धरतात. शेजाऱ्यांनी पूल जानेवारीत भरला, ती सरासरी एकदम वर गेली आणि पुढचं सगळं वर्ष सांडपाण्याचं बिल वाढलेलं आलं. शहराच्या युटिलिटीला आधी कळवून ठेवलं तर काही ठिकाणी दुरुस्त करून देतात. तुमचा एप्रिल-मे मध्ये भरला तर प्रश्नच नाही.

विहीर | ८ डिसेंबर

नाशिकहून वाचतोय, आमचा ह्या टॅक्सशी संबंध नाही पण धागा सोडवत नाहीये. १५ बाय ३० ला पाणी किती लागतं?

डोंगरवाट | ८ डिसेंबर

सरासरी खोली साडेचार फूट धरली तर २,०२५ घनफूट, एका घनफुटात ७.४८ गॅलन, म्हणजे १५ हजार गॅलनच्या वर. लिटरमध्ये ५७ हजार.

विहीर | ८ डिसेंबर

म्हणजे १० हजार लिटरचे सहा टँकर. आमच्या सोसायटीत मे महिन्यात एका टँकरसाठी चार-चार फोन करावे लागतात. मी पोहायला शिकलो ते मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, मामाने वरून ढकललं होतं. पोरांना पोहता आलंच पाहिजे ह्या मताचा मी आहे, तुम्ही करा पूल.

मठ्ठा_जिलबी | ८ डिसेंबर

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण हा धागा उद्या कोणीतरी शोधत येईल. आमच्याकडे १९७८ च्या प्रपोझिशन १३ ह्या तरतुदीमुळे जुन्या घराची टॅक्सची किंमत वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढत नाही. पूल केला की लोक घाबरतात, आता सगळं घर आजच्या भावाने मोजतील म्हणून. तसं होत नाही. जुनं घर आहे तिथेच राहतं, फक्त पूलचा तुकडा आजच्या किमतीने मोजून त्यात मिळवतात आणि त्या वर्षासाठी सप्लिमेंटल बिल वेगळं पाठवतात. आम्हाला ते माहीत नव्हतं, बँकेच्या एस्क्रोतून (हप्त्याबरोबर टॅक्ससाठी बँक जमा करते त्या पैशांतून) जाईल म्हणून बाजूला ठेवलं आणि दंड बसला. सप्लिमेंटल बिल आपल्याला येतं, आपणच भरायचं.

आणि सोलर. छतावर विजेसाठी सोलर लावलं तर ते टॅक्ससाठी मोजत नाहीत, पण पूल गरम करायचं सोलर त्या सवलतीत बसत नाही.

अबोली | ८ डिसेंबर

न्यू जर्सीत १ जानेवारीची वाट बघून उपयोग नाही. पूल ज्या महिन्यात पूर्ण झाला त्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून उरलेल्या महिन्यांचा टॅक्स लावतात, त्याला ॲडेड असेसमेंट म्हणतात. आमचा जूनमध्ये झाला, सहा महिन्यांचं बिल ऑक्टोबरमध्ये आलं, १ नोव्हेंबरच्या आत भरलं.

पण मी लिहायला आले ते टॅक्ससाठी नाही. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ओंजळ, तुझा धाकटा सहाचा आहे, त्याच्याकडे मित्र येतील, मित्रांची छोटी भावंडं येतील. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. आणि ते आरडाओरडा होऊन घडत नाही गं, अगदी शांतपणे घडतं, आई आत फोनवर असते. शहराच्या नियमात घराची भिंत कुंपणाची चौथी बाजू म्हणून चालत असेल तरी तू घर आणि पूलच्या मध्ये वेगळं जाळीचं कुंपण घाल. काढता येतं असं मिळतं. मागच्या दाराला अलार्म लाव. मी दोन-अडीच हजार त्याच्यावर घातले आणि सगळ्या खर्चात तेवढेच मनापासून घातले.

ओंजळ | ९ डिसेंबर

अबोलीताई, हे वाचून काल रात्री बराच वेळ झोप नाही आली. जाळी पहिल्या दिवसापासून, ते पक्कं.

निवृत्त_मास्तर | ९ डिसेंबर

मी ६८ वर्षांचा, प्लेनोला असतो. घर माझ्याच नावावर. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज पाण्यात व्यायाम सांगितला म्हणून लहानसा पूल केला. वय ६५ झाल्यावर टेक्सासमध्ये शाळेचा टॅक्स एका आकड्यावर गोठतो, तेव्हा माझी समजूत अशी की आता काय वाटेल ते बांधा. ती समजूत चुकीची. डागडुजीने तो आकडा हलत नाही, पण नवीन बांधकामाने हलतो. माझ्या पूलचे ३१ हजार धरले, शाळेचा दर एक टक्क्याच्या थोडा वर, म्हणून सव्वातीनशे डॉलरने तो आकडा वर सरकला आणि तिथे पुन्हा गोठला. ज्यांचे आईवडील इथे स्वतःच्या घरात राहतात त्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं.

सई_हिशोब | ९ डिसेंबर

काका, तुम्ही पूलचा खर्च मेडिकलमध्ये दाखवलात का?

निवृत्त_मास्तर | ९ डिसेंबर

नाही बाई. दाखवता येतो?

सई_हिशोब | ९ डिसेंबर

येऊ शकतो काका, पण पूर्ण नाही. वैद्यकीय कारणासाठी घरात काही बांधलं तर खर्चातून घराची वाढलेली किंमत वजा करायची, उरलेला मेडिकल खर्च. समजा पूल ७० हजारांचा आणि घर ३१ हजारांनी वाढलं तर ३९ हजार. त्यातही उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वरचाच भाग मोजतात. आयआरएस (केंद्राचं करखातं) हे बारकाईने बघतं, डॉक्टरांचं लेखी हवं, पूल मुख्यतः उपचारासाठीच हवा, स्लाइड आणि धबधबा असेल तर अवघड आहे. कागद घेऊन तुमच्या सीपीएकडे जा, मागच्या वर्षीचं रिटर्न सुधारून भरायला तीन वर्षांची मुदत असते.

केटीकर | १० डिसेंबर

रेकॉर्ड तपासायचं राहिलं, ते लिहितो. परमिट काढलं की ती माहिती अप्रेझल डिस्ट्रिक्टला जाते, शिवाय विमानातून काढलेले फोटो त्यांच्याकडे असतात, त्यामुळे पूल लपत नाही आणि लपवूही नये. पण तिथला माणूस टेबलावर बसून मोजतो. आमच्या नोटिशीत पहिल्या वर्षी पूल ५५ हजार लावला होता. वेबसाइटवर घराचं पान उघडलं तर पूल ९०० स्क्वेअर फूट. आमचा पूल ४२० चा, त्यांनी डेक आणि स्पा सगळं निळ्यात धरलं होतं. शनिवारी मी आणि मुलीने टेप धरून लांबी-रुंदी मोजली, ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या, टेपसकट फोटो काढले, बिल्डरचा नकाशा जोडला. १५ मे च्या आत प्रोटेस्ट, म्हणजे हरकतीचा अर्ज भरला (नोटीस उशिरा आली तर तिच्यापासून ३० दिवस). बोर्डासमोर जायची वेळच आली नाही, आधीच्या बोलण्यातच ४१ वर आणलं. १४ हजार कमी, २.८ टक्क्यांनी ३९२ डॉलर वर्षाला.

पूल केल्यानंतरच्या पहिल्या नोटिशीत ते पान उघडून स्वतः वाचा. चूक तशीच राहिली तर तिच्यावर दरवर्षी पैसे जातात.

वांगीभात | १० डिसेंबर

पैसे कसे द्यायचे त्याबद्दल माझा अनुभव. बिल्डरने प्लास्टरच्या आधीच ९० टक्के घेतले आणि मग फोन उचलणं बंद. दोन महिने खड्ड्यात हिरवं पाणी आणि डास. वर गुनाइटवाल्याचं पत्र आलं की माझे ११ हजार बिल्डरने दिले नाहीत, तुमच्या घरावर लीन (थकबाकीचा बोजा) लावतो. आम्ही बिल्डरला दिले होते हो, त्याने पुढे दिले नाहीत. वकिलाला पैसे, झोप गेली, दिवाळी त्यातच गेली. टेक्सासमध्ये पूल बिल्डरला राज्याचं लायसन्स लागत नाही हे तेव्हा कळलं. प्रत्येक हप्त्याला आधीच्या माणसांना पैसे मिळाल्याचा लीन वेव्हर मागा, प्लास्टर होऊन पाणी भरेपर्यंत दहा-पंधरा टक्के हातात ठेवा. करार घरी आणा, दोघांनी बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा.

डोंगरवाट | १० डिसेंबर

वर्षाचा चालू खर्च आमचा असा येतो. माणूस लावला नाही, केमिकलं मीच बघतो, सहाशे. लावला असता तर महिन्याला दोनशे. वीज महिन्याला पंचेचाळीस, व्हेरिएबल स्पीडचा पंप असल्यामुळे. पंप अर्ध्या वेगाने चालवला तर वीज एक अष्टमांशाच्या आसपास लागते, म्हणून जास्त तास पण हळू चालवायचा. इन्शुरन्सला अडीचशे वाढले, वर दहा लाखांची अंब्रेला (कोणाला इजा झाली तर भरपाईसाठीची जादा पॉलिसी) घेतली. आणि दर दहा-पंधरा वर्षांनी आतलं प्लास्टर नवीन, त्याचे वेगळे साठवतोय.

केटीकर | १० डिसेंबर

फेब्रुवारी २०२१ ची थंडी विसरू नका. पंपाला फ्रीझ प्रोटेक्शन असतं, पण तेव्हा वीजच गेली होती आणि पाणी फिरायचं थांबलं. सकाळी बघतो तर फिल्टरची टाकी उभी तडकलेली. २,९०० गेले. आता वीज गेली की मी टॉर्च घेऊन जातो आणि पंपाचे ड्रेन प्लग काढतो, पाच मिनिटांचं काम आहे.

ओंजळ | १३ डिसेंबर

तीन दिवस हे सगळं वहीत उतरवून काढलं. खरं सांगायचं तर मी प्रश्न विचारला तेव्हा टॅक्सलाच भीत होते. आता बेरीज अशी दिसते, व्याज पहिल्या वर्षी साडेसात हजार, देखभाल-वीज-इन्शुरन्स दीड ते साडेतीन हजार आपण किती हाताने करतो त्यावर, आणि टॅक्स ६८०. सगळ्यात लहान तोच.

काल रात्री नवरा म्हणाला बघ, ९४ हजार घालून टॅक्स फक्त चाळीसवर, किती छान. मी म्हटलं छान काय त्यात, चाळीसवरच टॅक्स म्हणजे उरलेले ५४ हजार घराच्या किमतीत उतरलेच नाहीत असा अर्थ झाला की. तो गप्प झाला. मग आम्ही दोघं बराच वेळ बोललो, की हे ५४ हजार आपण मुलांच्या पुढच्या आठ-नऊ उन्हाळ्यांसाठी देतोय, परत मिळणार नाहीत असं धरून द्यायचे असतील तर किती देणं बरोबर.

केटीकर | १३ डिसेंबर

हे वाक्य सगळ्यांनी वाचावं. आम्ही २०२२ ला रिफायनान्स केलं तेव्हा बँकेच्या अप्रेझरनेही पूलचे ३५ हजारच धरले होते. काउंटीचे ४१, बँकेचे ३५, आम्ही घातलेले ८८. मला तेव्हा बँकेचा राग आला होता.

सई_हिशोब | १३ डिसेंबर

ओंजळ, अगदी बरोबर जागी आलात. स्पा काढलात तर काय फरक पडतो ते विचारा बिल्डरला.

ओंजळ | २० डिसेंबर

विचारलं. दुसऱ्या बिल्डरचंही कोटेशन घेतलं. १२ बाय २४, स्पा नाही, धबधबा नाही, पिअर्स धरून, माती उचलण्यासकट, जाळीच्या कुंपणासकट ७१ हजार. पाणी १० हजार गॅलनच्या आत. बचतीतले २५ घालतोय, कर्ज ४६ चंच. हप्ते पाच भागांत, शेवटचे १५ टक्के पाणी भरल्यावर, प्रत्येक वेळी लीन वेव्हर, हे त्याने कुरकुर न करता लिहून दिलं. मुलगी थोडी रडली स्पा नाही म्हणून. मी लहानपणी टिळक टँकवर सकाळी सहाच्या बॅचला कुडकुडत जायचे ते तिला सांगितलं, तिला फोटो हवा होता, तो काही आमच्याकडे नाही.

वांगीभात | २० डिसेंबर

खूप बरं वाटलं वाचून. एचओएचा (वसाहतीच्या घरमालक संघाचा) अर्ज आत्ताच टाका, सुट्ट्यांत कमिटी बसत नाही. युटिलिटी इझमेंट (वीज-पाण्याच्या लाइनींसाठी मोकळी सोडायची पट्टी) नकाशावर तपासलीत ना?

ओंजळ | २० डिसेंबर

हो, मागच्या कुंपणापासून दहा फूट सोडावं लागतंय, म्हणूनही १२ ची रुंदी बरी पडली.

ओंजळ | १० जानेवारी २०२६

एचओएचं अप्रूव्हल गुरुवारी आलं, शहराचं परमिटही आलं. ८११ वाले (खोदाईआधी जमिनीखालच्या लाइनी दाखवणारे) येऊन गॅस आणि केबलच्या लाइनींवर झेंडे रोवून गेले. काल बिल्डरच्या माणसाने गवतावर केशरी स्प्रेने पूलचा आकार काढला. तो गेल्यावर दोन्ही मुलं त्या रेषेच्या आत जाऊन उभी राहिली आणि धाकटा विचारत होता इथे माझं डोकं वर राहील का. साडेतीन फुटाच्या बाजूला राहील, दुसऱ्या बाजूला नाही, ते त्याला तिथेच उभं करून टेपने दाखवलं. सोमवारपासून पोहण्याच्या क्लासला दोघांची नावं घातलीत, पाणी भरेपर्यंत चार महिने मिळतील.

खोदाई सोमवारी. म्हणजे रेकॉर्डवर पूल येणार १ जानेवारी २०२७ ला आणि नोटीस त्या एप्रिलमध्ये. केटीकरदादा, टेप तयार ठेवलाय. किती लावलेत ते इथेच येऊन लिहीन.

निवृत्त_मास्तर | १० जानेवारी

मुलांना क्लासला घातलंस हे फार चांगलं केलंस. मी माझे कागद घेऊन सीपीएकडे गेलो होतो, सई, डॉक्टरांचं पत्र जुनं आहे पण चालेल म्हणाले. मार्चमध्ये कळेल.